आनंदवली : गाव ते उपनगर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकच्या गंगापूर रोडवर घर घेतलेली नवी मंडळी, शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारी मुलं आणि त्यांचे पालक, नवश्या गणपतीला आलेले पाहुणे हे सगळे बहुधा तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

आनंदवली नेमकी कुठे येते? तो सगळा गंगापूर रोडच ना?

नाही. गंगापूर रोड हा रस्ता आहे आणि आनंदवली हे गाव. जुन्या नाशकातून गोदावरीच्या उजव्या काठाने वर, पश्चिमेकडे निघालं की आधी शाळा-कॉलेजांचा पट्टा लागतो, मग आनंदवली, पुढे सोमेश्वर आणि मग गंगापूर. गावाच्या उत्तरेला नदी आहे, पूल ओलांडला की चांदशी. दक्षिणेला सातपूरची औद्योगिक वसाहत. नदी आणि कारखाने यांच्या मधल्या पट्टीत हे गाव वसलं आहे, आणि त्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास या दोन शेजाऱ्यांनीच घडवला आहे.

पाट्यांवर आणि कागदांवर ‘आनंदवली’, ‘आनंदवल्ली’ अशी दोन्ही रूपं दिसतात. गाव एकच.

या भागात वस्ती किती जुनी आहे?

गोदावरीच्या या टापूत माणूस फार फार पूर्वीपासून वावरतो आहे. वरच्या अंगाला गंगापूरजवळ नदीकाठच्या थरांत डॉ. ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं, त्यातून शहराची वस्ती सातवाहनांच्याही मागे जाते हे दिसलं. आनंदवलीपासून काही किलोमीटरवरच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची आई बलश्री, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यांचे लेख आहेत. दान दिलेली शेतं आणि गावं यांचा उल्लेख त्या लेखांत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकभोवती शेती करणारी गावं होती आणि त्यांच्या जमिनीचे हिशोब दगडावर कोरून ठेवण्याइतके महत्त्वाचे मानले जात होते, इतकं त्यावरून नक्की म्हणता येतं.

राघोबादादा येण्याआधी गाव होतं का?

होतं. चावंडस, चौंधस अशा रूपांत त्याचं जुनं नाव सांगितलं जातं. आनंदवली हे नाव पेशवाईत मिळालं, रघुनाथराव पेशव्यांच्या, म्हणजेच राघोबादादांच्या, पत्नी आनंदीबाई यांच्यावरून. ‘राघोबादादांनी वसवलेलं गाव’ असं सर्रास छापलं जातं, ते बरोबर नाही. दादांनी इथे वाडा बांधला आणि गावाला नवं नाव मिळालं. शेतं, शिवार आणि कसणारी माणसं आधीपासूनच होती. इतिहास वाड्यापासून सुरू करायचा आणि वाड्यापाशीच संपवायचा, ही सवय आपण सोडायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मग राघोबादादा इथे का आले?

याला पुण्यातलं राजकारण कारणीभूत आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. कारभार आपल्या हाती असावा अशी काका रघुनाथरावांची इच्छा होती. अटकेपर्यंत गेलेल्या मोहिमेचे ते सेनानी होते, त्यामुळे पुतण्याच्या हुकमात राहणं त्यांना जड गेलं. १७६२ च्या अखेरीस आळेगावला काका-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर आल्या आणि माधवरावांनी नमतं घेतलं. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला निजामाविरुद्ध माधवरावांनी आपली कर्तबगारी दाखवली आणि कारभाराचा लगाम हळूहळू स्वतःकडे घेतला. तेव्हापासून दादा पुण्याऐवजी नाशिककडे राहू लागले. इथे तीर्थक्षेत्र होतं आणि गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, काठ होता. पुण्यापासून दूर, तरी उत्तरेकडच्या आणि खानदेशाच्या वाटेवर अशी ही मोक्याची जागा होती.

आनंदवली म्हणजे केवळ विश्रांतीचं ठिकाण नव्हतं. उत्तरेची मोहीम मनासारखी न होता परतल्यावर १७६७ मध्ये दादा इथेच होते, आणि त्यांची समजूत काढण्यासाठी माधवराव स्वतः आनंदवलीला आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या इंग्रजांनी मॉस्टिनला पुण्याला पाठवलं आणि ब्रोम नावाच्या दुसऱ्या वकिलाला नाशिकला, दादांकडे. पेशव्यांच्या घरातली फूट किती खोल आहे हे इंग्रज तेव्हाच चाचपून पाहत होते. पुढे १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. त्याची पहिली चाहूल गोदाकाठच्या या टापूत लागली होती.

समेट टिकला नाही. जून १७६८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या धोडपच्या किल्ल्यापाशी माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यात नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

नारायणरावांच्या खुनाचा कट आनंदवलीत शिजला असं ऐकलं. खरं आहे का?

३० ऑगस्ट १७७३ ला पुण्यात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. त्या वेळी रघुनाथराव त्याच वाड्यात कैदेत होते. कट तिथलाच, त्याचा आनंदवलीशी संबंध जोडायला आधार नाही.

याला जोडूनच आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला ही गोष्ट येते. तिच्यावर नाटकं झाली, शाळेत ती शिकवली गेली, आणि आता ती म्हणीसारखी वापरली जाते. पण त्यांनी चिठ्ठीत बदल केला याचा निर्णायक पुरावा नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष दिला तो रघुनाथरावांना. एका बाईच्या माथी अडीचशे वर्षं एक अक्षर मारलं गेलं, आणि जे गाव तिचं नाव लावतं तिथली मुलंही तिला खलनायिका म्हणूनच ओळखतात, याचं मला वाईट वाटतं. दोषी की निर्दोष हा निवाडा मी करत नाही. आख्यायिका ही आख्यायिका म्हणून सांगावी, एवढाच माझा आग्रह आहे.

आनंदीबाईंचा शेवट इथेच झाला का?

हो, आणि माझ्या मते आनंदवलीच्या पेशवेकालीन इतिहासातलं सगळ्यात हृदयद्रावक पान हेच आहे. दुर्दैवाने त्याची माहिती फार थोड्यांना असते.

आनंदीबाई कोकणातल्या ओक घराण्यातल्या. नवऱ्याच्या महत्त्वाकांक्षेपायी त्यांचं आयुष्य सतत फरफटीत गेलं. रघुनाथराव बारभाईंपासून, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एक झालेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांपासून, पळत असताना जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात त्यांनी मुलाला जन्म दिला. तो म्हणजे दुसरा बाजीराव. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, इंग्रजांनी दादांची बाजू सोडली, आणि तनख्यावर कोपरगावला राहण्याची वेळ कुटुंबावर आली. डिसेंबर १७८३ मध्ये दादा तिथेच वारले. त्या वेळी आनंदीबाई गरोदर होत्या, धाकटा चिमाजी बापाच्या मृत्यूनंतर जन्मला. दत्तक मुलगा अमृतराव, बाजीराव आणि चिमाजी अशा तिघांसह त्या नाना फडणवीसांच्या देखरेखीखाली राहिल्या. १७९०च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबाला कोपरगावहून आनंदवलीला हलवण्यात आलं.

ज्या गावाला कधीकाळी आपलं नाव मिळालं, तिथे त्या परत आल्या त्या पहाऱ्यात. १७९४ च्या मार्चमध्ये त्यांचं निधन झालं. मुलांना लगेच जुन्नरकडे, शिवनेरीवर नेऊन ठेवलं गेलं. पुढे १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि पेशवेपदाची सगळी चक्रं फिरली. १७९६ च्या डिसेंबरमध्ये पेशवाईची वस्त्रं मिळालेला शेवटचा पेशवा ऐन तारुण्यात, सतरा ते एकोणीस वर्षांचा असताना, या नदीकाठी नजरकैदेत होता. बाजीरावाच्या संशयी, भित्र्या स्वभावावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तो स्वभाव कशात घडला हे समजायचं असेल तर कोपरगाव, आनंदवली आणि शिवनेरी ही तीन ठिकाणं एका ओळीत ठेवून पाहावीत.

गोपिकाबाईही आनंदवलीत राहायच्या का?

नाही, त्या शेजारच्या गंगापूरला. माधवरावांशी मतभेद झाल्यावर नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई नाशिककडे येऊन राहिल्या आणि १७८८ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी सवाई माधवरावांना लिहून दिलेली उपदेशाची कलमं प्रसिद्ध आहेत. एका जावेचं नाव आनंदवलीशी जोडलेलं, दुसरीचा वास गंगापूरला. आज हे अंतर रिक्षाने काही मिनिटांत कापता येतं.

राघोबादादांचा वाडा पाहता येतो का?

वाडा म्हणून आज काहीही उभं नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक जिल्ह्याचा खंड १८८३ मध्ये निघाला. आनंदवलीचं पेशवेकालीन महत्त्व त्यात नोंदलेलं आहे, पण तोवर पेशवाई जाऊन पासष्ट वर्षं झाली होती. गावाकडे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना वाड्याचे फोटो हवे असतात आणि ते निराश होतात. त्यांनी नदीकाठी जावं. पेशव्यांनी ही जागा का निवडली हे पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ दिवसांत, पाणी संथ असताना काठावर उभं राहिलं की कळतं.

नवश्या गणपतीची कथा काय आहे?

नवसाला पावणारा म्हणून नवश्या. लोकपरंपरा अशी की राघोबादादा आणि आनंदीबाई यांनी पुत्रप्राप्तीसाठी नवस केला आणि तो फळल्यावर नदीकाठी हे मंदिर बांधलं. मंदिर गोदावरीच्या अगदी लगत आहे. अंगारकी आणि संकष्टी चतुर्थीला इथे मोठी गर्दी होते. नवस फेडताना घंटा बांधायची इथली रीत आहे.

गावाच्या दृष्टीने या मंदिराचं महत्त्व वेगळं आहे. वाडा गेला, शेतं गेली, पण या देवळामुळे ‘आनंदवली’ हा शब्द नाशिककरांच्या तोंडी राहिला. नाहीतर या भागाला सगळे सरसकट गंगापूर रोडच म्हणाले असते.

पेशवाई संपल्यावर गावाचं काय झालं?

१८१८ मध्ये नाशिक-त्र्यंबकचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि आनंदवलीचा राजकीय भाव संपला. ते पुन्हा इतर गावांसारखं गाव झालं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, चावडी आणि शेतसारा, असा गावगाडा. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी, १८६४ ला, नाशिकमध्ये नगरपालिका आली होती, पण तिची हद्द जुन्या शहरापुरती. आनंदवली बाहेरच.

पुढची जवळपास शंभर वर्षं वरवर पाहता फारशी घडामोड नाही. म्हणूनच बहुतेक लेखांत १८१८ नंतर एकदम १९८२, म्हणजे महापालिकेची स्थापना, येतं. पण गावात राहणाऱ्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठे बदल याच काळाच्या शेवटी झाले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कुळकायद्याने त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली होती, महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. गावात कोण कुणापुढे वाकतो, कोण कुणाच्या शेतात राबतो, हे या बारा वर्षांत जेवढं बदललं तेवढं पेशव्यांच्या वाड्याने कधी बदललं नव्हतं.

गावच्या इतिहासात फक्त पेशवेच का दिसतात?

कारण लिहिलेले कागद त्यांचेच उरले. गावाच्या इतिहासाला वेशीबाहेरच्या वस्तीचीही बाजू असते, आणि नाशिकच्या परिसरात ती विसरून चालत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खटाटोपामुळे जिल्ह्यातल्या गावोगावचे लोक त्यात उतरले. लढा पाच वर्षं चालला आणि १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. काळाराम मंदिर १७८०-९०च्या सुमारास सरदार रंगराव ओढेकरांनी उभं केलं, म्हणजे आनंदीबाईंच्या काळात. त्याच दगडी दारात पुढे माणुसकीचा हक्क मागितला गेला. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आजोबा-पणजोबांपैकी कुणी तिथे गेलं होतं का. असेल तर ती आठवण लिहून ठेवा. गावाच्या इतिहासात तिची जागा वाड्याच्या खालची नाही.

गंगापूर धरणाने काय बदललं?

जवळजवळ सगळं. स्वातंत्र्यानंतर लगेच गोदावरीवर गंगापूरला मातीच्या धरणाचं काम सुरू झालं आणि १९६५ मध्ये ते पुरं झालं. आधी नदी उन्हाळ्यात रोडावायची आणि पावसाळ्यात काठ सोडायची. धरणानंतर पाण्याचा कारभार माणसाच्या हाती आला. कालव्यांनी शेती बागायती झाली, डाव्या काठच्या मखमलाबाद-म्हसरूळ-आडगाव पट्ट्याला तर त्याने वेगळंच रूप दिलं. नाशिकची द्राक्षं आधीही नावाजलेली होती, पाण्याच्या भरवशावर ती आणखी पसरली.

पण याच धरणातून शहराला पिण्याचं पाणी मिळालं आणि कारखान्यांना वापराचं. शेतीसाठी आलेल्या पाण्यामागून शहर आलं. सातपूर आणि गंगापूर रोड यांना जोडणारा पाईपलाईन रोड रोज हजारो लोक वापरतात. पाण्याच्या वाहिनीच्या कडेने रस्ता झाला आणि रस्त्याच्या कडेने वस्ती. आनंदवलीभोवतीचे कित्येक रस्ते मुळात बैलगाडीच्या वाटा, पाट किंवा बांध आहेत. नव्या वसाहतीत एखादा रस्ता विनाकारण वळलेला दिसला, तर तिथे बहुधा दोन सर्व्हे नंबरांचा बांध असतो.

गावाचं उपनगर नेमकं कधी झालं?

एक तारीख हवी असेल तर ७ नोव्हेंबर १९८२. त्या दिवशी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची वीसहून अधिक गावं एका हद्दीत आली. ग्रामपंचायत गेली, घरपट्टी महापालिकेची झाली.

पण गाव एका दिवसात उपनगर होत नाही. सुरुवात वीस वर्षं आधी झाली होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि सातपूर हे त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. मायको, म्हणजे आजची बॉश, महिंद्रा, सीएट आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. जळगाव, धुळे, नगर, मराठवाडा इथून आयटीआय झालेली पोरं कामाला आली. त्यांना भाड्याची खोली हवी होती. गावातल्या माणसाने गोठ्याशेजारी दोन खोल्या काढल्या आणि भाडं घेतलं. माझ्या मते उपनगराचा खरा जन्म या भाड्याच्या खोलीत झाला. त्या खोलीमुळे पहिल्यांदा शेतकऱ्याच्या घरात दर महिन्याला ठरावीक पैसा येऊ लागला, आणि पावसाकडे डोळे लावून बसणं थोडं कमी झालं.

मग जमिनी. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा शहरालगतच्या मोठ्या खातेदारांच्या डोक्यावर टांगती तलवार होता. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये रद्द केला. मधल्या काळात जमिनी तुकड्यातुकड्याने बिनशेती झाल्या आणि वर लेआऊट पडले. आधी वीस बाय तीसचे प्लॉट आणि बंगल्या, नंतर तीन मजली अपार्टमेंट, मग उंच इमारती. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं आणि पुढे धरणाच्या वाटेवर त्याचा परिसर उभा राहिला, त्यानेही गंगापूर रोडची रहदारी वाढवली. कारखान्यातल्या कामगाराचं उपनगर बघता बघता डॉक्टर-वकिलांचं आणि पुण्या-मुंबईहून परतलेल्यांचं झालं.

जमिनींना सोन्याचा भाव आला. मग गावकऱ्यांचं भलंच झालं ना?

काहींचं झालं. सगळ्यांचं झालं असं म्हणणं चूक आहे. ज्यांनी उशिरा विकली किंवा विकसकाबरोबर भागीदारीत बांधली, त्यांना चांगला मोबदला मिळाला. त्यातल्या अनेकांनी गिरणारे, दिंडोरीकडे शेती घेतली आणि शेतकरीपण टिकवलं. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी एकरावर भाव घेऊन दिली, त्यांच्याच जमिनीवर आज चौरस फुटाने व्यवहार होतात. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, सालदार, शेतमजूर, बलुतेदार, त्यांच्या वाट्याला भाववाढीतलं काही आलं नाही. त्यांचं काम मात्र गेलं. बहिणींच्या हक्कसोड पत्रांचा विषय वेगळाच. ‘माहेर तुटू नये’ म्हणून सही करून दिलेल्या किती बहिणी असतील, ते सातबाराच्या फेरफारांत वाचता येतं.

आम्ही फ्लॅट घेतला. करारनाम्यात ‘मौजे आनंदवली’ असं का लिहिलंय? आम्ही तर शहरात राहतो.

कारण महसूल दप्तरात गाव अजून गावच आहे. महापालिका हद्द ठरवते, पण जमिनीची ओळख मौजे, तालुका, जिल्हा आणि सर्व्हे नंबर याच क्रमाने चालते. तुमच्या इमारतीचं नाव काहीही असो, इंडेक्स टूवर, म्हणजे दस्त नोंदणीच्या उताऱ्यावर, तुमची जमीन मौजे आनंदवलीचीच. तो सर्व्हे नंबर हाती घ्या आणि जुने सातबारा, फेरफार काढा. पीकपाण्याच्या रकान्यात तुमच्या पार्किंगच्या जागी काय पिकत होतं ते नोंदलेलं सापडेल. कुळाचं नाव, विहिरीची नोंद, वाटणीची तारीखसुद्धा. नव्या रहिवाशाने गावाशी ओळख करून घ्यायची याहून चांगली वाट मला माहीत नाही.

नदीकाठच्या इमारतींना पुराचा धोका आहे का?

आहे, आणि हा प्रश्न घर घेण्याआधी विचारा. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की ते पाणी आनंदवलीवरून पुढे रामकुंडाकडे जातं. शहरात सगळे दुतोंड्या मारुतीकडे पाहतात, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, म्हणून पूर मोजतात. १९६९ चा पूर जुनी माणसं अजून सांगतात. १९ सप्टेंबर २००८ आणि २ ऑगस्ट २०१६ चे पूर तर बहुतेकांनी पाहिले आहेत.

२००८ नंतर शहरात पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको आणि दोन्हींच्या मध्ये अटींसह, असा नियम आहे. नगररचना विभागातून आपल्या सर्व्हे नंबरचा पूररेषेचा नकाशा पाहून घ्या. जुन्या गावठाणाची जागा बघितली तरी पुष्कळ समजतं. गावं पिढ्यान्‌पिढ्यांचा पूर पाहून बसलेली असतात आणि घरं चढावर ठेवून मळे खाली ठेवतात. आपण मळ्यांच्या जागेवर तळघरं खणली.

गावठाणात पाहण्यासारखं काय आहे?

पर्यटक म्हणून फारसं नाही. अरुंद बोळ, जुन्या घरांच्या शेजारी उभी राहिलेली सिमेंटची घरं, देवळं, पारावरच्या गप्पा. पण चार उंच इमारतींच्या आड गेलं की अचानक रस्ता निमुळता होतो आणि लोक एकमेकांना नावाने, नात्याने हाक मारू लागतात. तिथे गाव अजून आहे. फोटो काढताना विचारून काढा, तिथे लोक राहतात.

आमच्या घरात जुने मोडी कागद आहेत. त्यांचं काय करावं?

रद्दीत देऊ नका, लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशनने कागद कायमचा बिघडतो. सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात सपाट ठेवा, ओल आणि वाळवी यांपासून जपा, आणि दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. कागद कुणाच्या घरातून, कुठल्या पेटीतून आले तेही लिहून ठेवा. ती माहिती हरवली की कागदाचं निम्मं मोल जातं.

मोडी वाचता येत नसेल तर राज्य पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, आणि त्यातून शिकलेले वाचक नाशकात आहेत. १८४० मध्ये सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय नाशिक हे जुन्या ग्रंथांसाठी पहिलं ठिकाण. पेशवे दप्तराचे मूळ रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच आहे. जमिनीच्या जुन्या नोंदींसाठी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल मिळते. अर्जात गावाचं नाव ‘मौजे आनंदवली’ असंच लिहा आणि शक्य असेल तर जुना सर्व्हे नंबर द्या. नुसता इमारतीचा पत्ता दिला तर नोंद सापडायला फार वेळ लागतो.